दोन घोड्यांसाठी छोटा तबेला स्वतः बांधायचा आहे, आराखडा बघता का?

टापटीप:
मंडळी, नमस्कार. आजवर नुसता वाचक होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

दोन घोडे आहेत. थोरला खांद्यापाशी पाच फूट उंच आणि साडेचारशे किलोच्या घरातला. घोडी त्याच्याहून जरा बुटकी, पण अंगाने भरलेली. आतापर्यंत दोघं दुसऱ्याच्या पागेत होती, आता स्वतःच्या जागेत आणायची आहेत. सुतारकाम हाताला आहे, गवंडीकाम बेताचं. मदतीला एक मित्र, तोही सुट्टीच्या दिवशी.

मनातला आराखडा असा: ३० बाय २० फुटांची इमारत, चारी बाजूंनी बंद. मागच्या अंगाला १० बाय १० ची दोन ठाणं (दर घोड्याला एक खोली), शेजारी तेवढीच खोली खोगीर-लगामांसाठी आणि खुराकासाठी. पुढे १० फुटांचा बोळ. खाली सलग काँक्रीट, धुवायला सोपं पडावं म्हणून. वर माळा काढून त्यात वर्षभराची वैरण. लाकडी खांब, बाहेरून पत्रा, दर ठाणाला एक छोटी खिडकी. थंडीवारा आत शिरणार नाही याची पुरेपूर काळजी घेतली आहे.

कुठे काय बदलू? काम सुरू व्हायच्या आधी झोडपलंत तरी चालेल.

खरारा:
परवानगी दिलीच आहे तर झोडपतो.

ती "थंडीवारा आत शिरणार नाही"वाली काळजी आधी काढून टाका. घोड्याला थंडीचं फारसं वावडं नसतं. अंग कोरडं असेल, पोटात चारा असेल आणि केस वाढलेले असतील तर साधारण ५ अंश सेल्सिअसपर्यंत त्याला ऊब राखायला वेगळी ताकद लागत नाही. त्याखालीही वैरण वाढवली की निभावतो. त्याला बाधते ती कोंडलेली दमट हवा. मुतातल्या युरियाचा बिछान्यातले जिवाणू अमोनिया करतात. तो तयार होतो जमिनीलगत, आणि खाताना, झोपताना घोड्याचं नाकही तिथेच असतं. आपण साडेपाच फुटांवर श्वास घेतो आणि म्हणतो, कुठे काय वास येतोय? कुठल्याही बंद तबेल्यात पहाटे दार उघडता उघडता जा, ठाणात उकिडवे बसा आणि दोन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर जनावराने रात्रभर तेच घेतलंय.

आता मापं. १० बाय १० बुटक्या तट्टाला ठीक. तुमच्या दोघांना १२ बाय १२ द्या. घोडा लोळतो, लोळताना भिंतीशी अडकला की पाय वर दुमडून पडून राहतो, त्याला उठता येत नाही. मग तो घाबरून झाडतो आणि स्वतःला लागून घेतो. तेवढे दोन फूट तिथे कामाला येतात. घोडी कधी विणार असेल तर १२ बाय १६ लागेल, पण ते मधला पडदा काढता येईल असा केला तरी साधतं.

बोळ बंद करू नका. पुढची बाजू उघडी ठेवून पडवी करा.

शंकासुर:
मुळात तबेला हवाच कशाला? तीन भिंतींचा आडोसा बांधा, वाऱ्याकडे पाठ आणि पुढून सताड उघडा. दोन घोड्यांना १२ बाय २४ पुरतो. ना दारं, ना कड्या, ना अमोनिया. घोडी आणि घोडा एकमेकांना बघत, चालत-फिरत राहतात. बंद खोली ही माणसाच्या मनाची गरज आहे. आपल्याला रात्री कडी लावून झोपायची सवय, म्हणून वाटतं त्यालाही लावून द्यावी.

टापटीप:
शंकासुर, मुद्दा बिनतोड आहे. पण थोरला घोडीचा खुराक खातो. शिवाय कधी पाय दुखावला आणि डॉक्टर म्हणाले बांधून ठेवा, तर कोंडायला जागा हवीच ना?

शंकासुर:
मग दोन्ही करा. ठाणाला मागून दार काढा, सरळ कुरणात उघडणारं. एरवी दार उघडं, घोडा आपला मालक. कोंडायचं तेव्हा कोंडा.

खरारा:
याला माझं अनुमोदन. (शंकासुरांशी एकमत होईल असं वाटलं नव्हतं.) मागचं दार दोन पाखांचं करा, खालचं पाख चार-सव्वाचार फुटांचं. वरचं पाख बहुतेक काळ उघडंच राहील. घोडा मान बाहेर काढून बघत बसतो. लाकूड कुरतडणं, एका जागी डुलत राहणं या खोडी बऱ्याचदा कंटाळ्यातून आणि एकटेपणातून जडतात, त्याला तेवढाच उतारा.

गुरांचा_डॉक्टर:
माळ्याबद्दल बोलतो, कारण वर कोणीच बोललेलं नाही.

घोडा दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के वैरण खातो. साडेचारशे किलोला ९ किलो, दोघांची १८, वर्षाची साडेसहा टन. ही साडेसहा टन तुम्ही त्यांच्या डोक्यावर टांगणार. सुतारमंडळी वजनाचं बघतील, मी फुफ्फुसाचं सांगतो. माळ्यावरून रोज वैरण ओढली की फळ्यांच्या फटीतून धूळ आणि बुरशीचे बीजाणू खाली झरतात. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाची वाट त्याला नाही. अशा धुळीत वर्षं काढली की दम्यासारखा आजार जडतो. खोकला, नाकातून शेंबूड, पुढे पुढे उभ्या जागी पोट ओढून श्वास. एकदा जडला की पुरता जात नाही, हवा सुधारून आटोक्यात ठेवावा लागतो.

तीच गोष्ट गव्हाणीची. डोक्याच्या वर लोखंडी जाळीत वैरण ठेवलेली दिसायला छान दिसते, पण सगळा भुसा डोळ्यांत आणि नाकपुड्यांत. घोडा मान खाली घालून चरणारा प्राणी आहे. मान खाली असताना श्वासनलिकेतला चिकटा आपसूक बाहेर वाहतो. वैरण जमिनीवर किंवा छातीखालच्या उंचीच्या कोपऱ्यातल्या गव्हाणीत द्या.

विजेचाखांब:
+१, आणि आगीचंही आहे. नीट न वाळलेल्या वैरणीच्या गाठी आतून तापतात. ओलावा वीस टक्क्यांच्या वर असेल तर पहिले काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं. गाठीच्या आत ६५ अंश सेल्सिअस झाले की धोक्याची घंटा, ८० पर्यंत गेले की पेट घेण्याच्या बेतात. ही भट्टी घोड्यांच्या डोक्यावर नको. वैरणीला वेगळी शेड, तबेल्यापासून निदान ७५-१०० फूट लांब. तबेल्यात चार-सहा दिवसांची आणून ठेवली की झालं.

टापटीप:
साडेसहा टनांचा हिशेब मी केलाच नव्हता. माळा रद्द. पण १०० फुटांवरून रोज वैरण वाहायची?

चंदीचोर:
हातगाडी घ्या, मोठ्या चाकाची. आणि घोडे आणण्याआधी कागदावर स्वतःला चालवून बघा. सकाळी उठलो, पहिलं पाऊल कुठे? पाणी कुठून? वैरण कुठून? भरलेली लिदीची गाडी कुठून निघणार, कुठे रिकामी होणार, चढ आहे की उतार, पावसात चाक रुतणार का? साडेचारशे किलोचा घोडा रोज वीस-पंचवीस किलो लीद-मूत करतो. दोघांचं धरून वर्षाला सोळा टनांच्या वर, वर भिजलेला बिछाना वेगळाच. वैरण आत न्यायची त्याच्या अडीच पट माल बाहेर काढायचा आहे! लोक खोगीर टांगायच्या खुंट्यांवर चर्चा करतात आणि उकिरडा शेवटी जिथे जागा उरेल तिथे.

उकिरडा विहिरीपासून किमान ३० मीटर, उताराच्या खालच्या अंगाला, आणि वारा तबेल्याकडे वाहून आणणार नाही अशा बाजूला. दोन-तीन कप्पे करा. एक भरायचा, एक मुरायचा, एक वापरायचा. ढीग हवेशीर आणि ओलसर राहिला की आत ५५-६० अंशांपर्यंत तापतो, त्यात जंतांची अंडी आणि तणांचं बी मरतं. तेच खत कुरणाला चालतं.

करवतकाका:
आता कामाचं बोलू.

आराखडा ३६ बाय २४ करा. १२ फुटांचे तीन खण, मागे १२ फूट खोल ठाणं, पुढे १२ फुटांची पडवी. खांब दर १२ फुटांवर आले की ठाणाच्या कोपऱ्याशी बरोबर जुळतात, मधे खांब उपटसुंभासारखा येत नाही. सहा बाय सहा इंचांचे खांब, खड्डा निदान ४ फूट, आणि जमीन गोठत असेल तर गोठण्याच्या खोलीच्याही खाली. खड्ड्याच्या तळाला काँक्रीटची बैठक, त्यावर खांब. ठाणातली मोकळी उंची १० फूट तरी ठेवा. ८ फुटांत घोडा मावतो, पण दचकून पुढचे पाय उचलले की डोकं वाशाला.

कोपरे काटकोनात आहेत का ते कर्णाने तपासा. ३६ आणि २४ ला कर्ण ४३ फूट ३ इंचांहून केसभर जास्त. दोन्ही कर्ण सारखे आले की पुढचं सगळं सोपं जातं, नाहीतर पत्र्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाकडेपणा पाठ सोडत नाही. खांब उभे केले की लगेच तिरके टेकू द्या, "उद्या देऊ" म्हणू नका. रात्रीतून वारा येतो.

कैच्या, म्हणजे छत तोलणारे त्रिकोणी सांगाडे, मात्र स्वतः बनवू नका. तुमच्या भागातला वारा आणि जिथे पडतो तिथे बर्फ, यांचा भार धरून हिशेब करणाऱ्याकडून तयार घ्या. आणि छत खाली पडू नये एवढंच बघू नका, वर उडू नये हेही बघा. पुढून उघड्या पडवीत वारा शिरतो आणि पत्र्याला खालून उचलतो. प्रत्येक कैची खांबाला लोखंडी पट्टीने आणि बोल्टने बांधायची, नुसत्या खिळ्यांवर भरवसा नाही.

पत्र्याबद्दल. बाहेरून लावा, हरकत नाही. पण आतून घोड्याच्या लाथेच्या टप्प्यात उघडा पत्रा नको. लाथ आरपार जाते आणि पाय परत ओढताना पत्र्याची कड सुरीसारखी कापते. जमिनीपासून निदान ४-५ फूट दोन इंची कठीण लाकडाच्या फळ्या, एकमेकीत खाच बसवून. फळ्या खांबांच्या आतल्या बाजूने मारा, म्हणजे लाथेचा जोर खांबावर जाईल, खिळ्यांवर नाही.

मधल्या पडद्याला खाली भक्कम फळ्या, वर गज. दोघं एकमेकांना बघतील, वास घेतील, हवाही खेळेल. गजांतली फट ३ इंचांहून जास्त नको, शिंगरू येणार असेल तर २ इंच. एकंदर नियम असा की फट एक तर इतकी बारीक की खूर शिरणारच नाही, नाहीतर इतकी मोठी की शिरलेला पाय सहज सुटेल. मधली मापं घात करतात.

टापटीप:
काका, दंडवत! हे छापून भिंतीला लावतो.

दोन शंका. एक, आमच्याकडे औषध मारलेलं लाकूड मिळतं, वाळवी लागत नाही म्हणून. घोड्याने चावलं तर? दोन, हवेसाठी फटी किती आणि कुठे? पाऊस आत नाही का येणार?

गुरांचा_डॉक्टर:
पहिलीचं उत्तर. जमिनीत जाणारे खांब औषधाचे असू द्या, पण घोड्याच्या तोंडाला येईल तिथे साधं लाकूड, आणि फळ्यांच्या वरच्या कडेला लोखंडी पट्टी. काही जुन्या औषधांत आर्सेनिक असायचं. डांबरट वासाचं क्रिओसोट मारलेले जुने रेल्वेचे स्लीपर लोक हौसेने वापरतात, तेही तोंडाजवळ नकोत. बिछान्याला भुसा घेताना कुठल्या लाकडाचा आहे ते विचारा. काळ्या अक्रोडाचा भुसा घातक आहे. बिछान्यात त्याचं प्रमाण एक पंचमांश असलं तरी बारा ते चोवीस तासांत पाय सुजतात, खुरांना दाह होतो. खायचीही गरज नाही, नुसतं त्यावर उभं राहिलं तरी.

खरारा:
दुसरीचं मी सांगतो, कारण लोक इथेच कंजुषी करतात.

हवेला आत यायला वाट आणि बाहेर जायला वाट, दोन्ही हव्या. नुसती खिडकी म्हणजे अर्धी गोष्ट. घोड्याच्या अंगाने आणि श्वासाने तापलेली दमट हवा वर जाते. छताच्या मध्यावर, दोन उतार मिळतात तिथे, लांबीभर फट ठेवा आणि तिच्यावर उंचावलेली टोपी बसवा. रुंदीच्या दर १० फुटांमागे २ इंच फट, हा गुरांच्या गोठ्यांसाठीचा जुना हिशेब इथेही चालतो. तुमच्या २४ फुटांना ५ इंच. तेवढीच वाट खाली, वळचणीशी भिंत आणि छत यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना वाटून. वळचणीची हवा घोड्याच्या डोक्यावरून शिरते, अंगावर झोत येत नाही, म्हणून हिवाळ्यातही ती बुजवायची नाही. बुजवली की पत्र्याच्या आतल्या बाजूला पाणी धरतं आणि लोक ओरडतात, छत गळतंय! छत गळत नसतं, श्वासच ठिबकत असतो. पत्र्याखाली पातळ थर्माकोल किंवा फोमचा थर दिला तर हे कमी होतं आणि उन्हाळ्यात डोक्यावर भट्टीही पेटत नाही.

वरच्या फटीतून पाऊस? टोपी नीट असेल तर शिंतोडे येतील तेवढेच. पक्ष्यांसाठी जाळी लावा, पण डासांची बारीक जाळी नको, धुळीने महिन्याभरात बुजते.

इमारत कशी वळवायची हेही यातच आलं. उन्हाळ्यातला वारा लांब बाजूवर आदळू द्या, म्हणजे तो आडवा आरपार जाईल. ऊन कडक असेल तर लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरलेली बरी, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अरुंद टोकांवर पडतं. दोन्हींची सांगड बसत नसेल तर मी वाऱ्याच्या बाजूने मत देईन. उन्हाला छपराची कड दोन फूट पुढे काढता येते, वारा मात्र नंतर आणता येत नाही.

शंकासुर:
आता जमिनीवर या. मी खुर्ची ओढून बसलो आहे.

खरारा:
काँक्रीट पडवीला आणि खोगीरखोलीला. चार इंच जाड, ओलं असतानाच वरून कडक झाडूने ओरखडे काढलेलं, नाहीतर नाल ठोकलेला घोडा घसरतो. ठाणात मी काँक्रीट घालणार नाही. कठीण, गार, आणि मूत बिछान्याखाली साचून राहतं. ठाणात दाबलेली खडी, वर दगडाची चुरी, वर रबराच्या चटया.

शंकासुर:
आणि काँक्रीटवरच रबर टाकलं तर? धुता येतं, उंदीर बीळ करत नाहीत, कायमचं सपाट राहतं. घोडा खड्डा करून ठेवत नाही. चुरीच्या जमिनीची दर वर्षी डागडुजी.

करवतकाका:
शंकासुरांचं म्हणणं खोटं नाही. जाड रबर आणि वर भरपूर बिछाना असेल तर काँक्रीटवरही घोडे चांगले राहतात. पण एकट्याने काम करणाऱ्याला चुरी सोपी. बिघडली तर फावड्याने दुरुस्त होते, काँक्रीटचा उतार बिघडला तर फोडावंच लागतं.

हिशेब देतो. १२ बाय १२ चं ठाण, ६ इंच थर, म्हणजे ७२ घनफूट, ढोबळ दोन घनमीटर. दाबल्यावर बसतो, म्हणून पाचवा हिस्सा जास्त मागवा. एका ठाणाला तीन-साडेतीन टन माल पडतो, तेव्हा ट्रक कुठपर्यंत येतो ते आधी बघा. खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, नाहीतर पावसाळ्यात खडी चिखलात बुडते आणि चिखल वर येतो. थर दोन-तीन इंचांचे घ्या, पाणी शिंपडा, मग धुम्मसाने ठोकून दाबा. सगळं एकदम ओतून वरून दाबलं तर वरचे तीन इंच दबतात, खालचं पोकळ राहतं. दबाईचं यंत्र भाड्याने आणलंत तर हात वाचतील.

चटया ४ बाय ६ फुटांच्या, पाऊण इंच जाड. सहा चटयांत १४४ चौरस फूट पुरं बसतं, कापाकापी नाही. १२ बाय १२ चा हा आणखी एक फायदा. एकेक चटई ४५ किलोच्या आसपास असते, मित्राला त्या दिवशी सुट्टी घ्यायला सांगा. भिंतीशी बोटभर जागा सोडा, उन्हाळ्यात रबर फुगतं आणि मधून उचललं जातं.

टापटीप:
उतार किती? मधोमध गटाराची जाळी टाकू का?

खरारा:
जाळी नको. बिछान्याने आठवड्यात तुंबते आणि मग ती साफ करायची जबाबदारी तुमच्याकडे जन्मभर. फुटाला पाव इंचाहून कमी उतार पुढच्या दाराकडे, म्हणजे १२ फुटांत दीड-दोन इंच. त्याहून जास्त दिला तर घोडा सतत तिरका उभा राहतो, सांध्यांना बरं नाही. मूत शोषायचं काम बिछान्याचं आहे, उताराचं नाही.

करवतकाका:
आणि बाहेरचं पाणी आत येऊ नये हे उताराहून महत्त्वाचं. तबेल्याची जोती आजूबाजूच्या जमिनीहून ८ ते १२ इंच वर उचला. चारी बाजूंनी पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार बाहेरच्या दिशेला. ३६ बाय २४ चं छत म्हणजे ८० चौरस मीटर. एका पावसात २५ मिलिमीटर पडला तर दोन हजार लिटर पाणी वळचणीला येतं. पन्हळ लावली नाहीत तर ते बरोबर तुमच्या मागच्या दारापाशी पडणार, जिथे घोडे दिवसभर उभे राहणार. चिखल तिथेच होतो. पन्हळीचं पाणी टाकीत घ्या, घोड्यांना नाही तरी धुवायला होईल.

चंदीचोर:
पिण्याच्या पाण्याचंही. एका घोड्याला दिवसाला २५ ते ४५ लिटर, उकाड्यात आणि कामावर असताना याहून जास्त. नळ पडवीत, ठाणाबाहेर. बादली छातीच्या उंचीला, कोपऱ्यात, आणि वैरणीपासून दूर, कारण काही घोडे घास पाण्यात बुडवून खातात आणि तासाभरात बादलीचा काढा होतो.

विजेचाखांब:
माझा भाग थोडक्यात. मेन बोर्ड खोगीरखोलीत. सगळ्या वायरी बंद पाइपातून, उंदीर उघड्या वायरी सोडत नाहीत. दिवे जाळीच्या झाकणातले, घोड्याच्या डोक्याच्या टप्प्याबाहेर. बटणं ठाणाच्या बाहेर, जिभेच्या टप्प्याच्याही बाहेर. अर्थिंग आणि गळती पकडणारा ईएलसीबी सक्तीचा समजा, ओल्या जमिनीवर नाल ठोकलेल्या जनावराला झटका माणसाहून लवकर जाणवतो. पंखा लावायचा तर बंद मोटारीचा, धुळीत चालणारा. घरातला उघड्या मोटारीचा पंखा लांबलचक एक्स्टेन्शनवर टांगून ठेवणं, हे तबेल्याला आग लागण्याचं नेहमीचं कारण. जोडणी परवानाधारक माणसाकडून करून घ्या, पाइप मात्र तुम्ही स्वतः ओढू शकता.

अग्निशामक नळकांडं दाराशी, कोरड्या पावडरीचं. आणि प्रत्येक ठाणाच्या बाहेर मोहरकी (घोड्याच्या तोंडावर चढवायचा पट्टा) आणि दोर टांगलेला. अंधारात, धुरात शोधत बसायला वेळ नसतो.

खरारा:
दारांचं राहिलं. रुंदी ४ फूट, उंची ८ फूट. ठाणाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून घोडा पडला तर तुम्ही बाहेरच. सरकतं केलंत तर खालून धरून ठेवणारी पकड बसवा, नाहीतर लाथेने खालची कड बाहेर झुलते आणि पाय फटीत जातो. कडी एका हाताने उघडेल अशी, पुढे टोक नसलेली. खाली पायाने लावायची दुसरी कडी ठेवा. घोड्याचे ओठ फार हुशार असतात, साध्या आडण्या ते उघडतात. आणि एकदा एकाला जमलं की शेजारचाही मोकळा.

टापटीप:
सगळ्यांचे आभार. सुधारलेला आराखडा: ३६ बाय २४, १२ बाय १२ ची दोन ठाणं आणि एक खोली, पुढे उघडी पडवी, मागे दोन पाखांची दारं कुरणात. माळा नाही, वैरणीची शेड वेगळी. ठाणात खडी-चुरी-रबर, पडवीत काँक्रीट. छताला ५ इंचांची फट आणि टोपी. उकिरड्याला तीन कप्पे, विहिरीपासून ४० मीटर. बांधकामाची परवानगी आणि शेजारच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचं, याची चौकशी सुरू केली आहे.

एकच विचारायचं राहिलं. आधी तबेला की आधी कुंपण? आणि बांधून झाल्यावर घोडे लगेच आणले तर चालेल का?

करवतकाका:
कुंपण आधी, पण तबेल्याची जागा त्याच्या बाहेर ठेवून. ट्रकला फिरायला जागा लागते. तबेल्याकडची शेवटची बाजू शेवटी बंद करा.

गुरांचा_डॉक्टर:
रंग-वार्निशचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. पहिले काही दिवस दोघांना दिवसा आत-बाहेर करू द्या, मागचं दार उघडं ठेवून, खुराक ठाणातच द्या. रात्री कोंडायचं ते त्यानंतर.

करवतकाका:
आणि त्याआधी लोहचुंबक. दोरीला बांधलेला मोठा चुंबक घ्या, किंवा चाकांवरचा मिळाला तर तोच, आणि तबेल्याच्या आत, पडवीत आणि भोवतालच्या वीस फुटांत उभा-आडवा ओढा. पत्र्याचे स्क्रू, वाकडे खिळे, तारेचे तुकडे ढिगाने निघतात. छताचं काम झालं त्या बाजूला दोनदा फिरवा, वरून पडलेलं सगळं गवतात असतं. खिळा खुराच्या तळव्यात गेला आणि आत सांध्यापर्यंत पोचला तर घोडा हातचा जाऊ शकतो. एक पाऊस पडून गेला की पुन्हा ओढा, मातीत दबलेले तेव्हा वर येतात.